लायब्ररीवाल्याचा मंगळ

मुलुंड पूर्वेला माझ्या शेजारच्या गाळ्यात लायब्ररी चालवणाऱ्या माणसाने मला फसवलं. दोन निराळ्या कादंबऱ्यांची पानं एका पुठ्ठ्यात शिवून त्याने ती मला एक कादंबरी म्हणून वाचायला दिली. मी ती वाचली, तसलीच आणखी मागितली, आणि त्याने आणखी दिल्या. दीडेक वर्ष हा प्रकार चालला. माझं मॅचिंग सेंटर. साडीच्या काठाला ब्लाऊजपीस आणि परकर जुळवून देणं हा माझा धंदा. मी जर अर्धं रुबिया आणि अर्धं पॉलिएस्टर जोडून ब्लाऊजपीस म्हणून विकलं असतं तर गिऱ्हाइकाने ते माझ्या तोंडावर फेकलं असतं, आणि बरोबरच केलं असतं. लायब्ररीवाल्याला मात्र कोणी काही बोललं नाही. उलट आमच्या गल्लीत अजून म्हणतात, माणूस भला होता.

कितपत भला होता ते मी सांगते.

वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी घरी परकर शिवून दारोदार विकायला लागले. नाहूरपासून ठाण्यापर्यंत माझी पायपीट चालायची. त्यातून पुढे हा गाळा घेतला. मालकाशी मी इतकी घासाघीस केली, की शेवटी तो हात जोडून म्हणाला, ‘बाई, गाळा घ्या, पण आता बोलायचं थांबवा.’ गाळा घेतल्यावर कळलं, की शेजारची भिंत ही भिंत नाहीच, नुसतं प्लायवूड आहे. पलीकडे आरी चालायची. खर्र, खर्र. मला वाटलं सुतार असेल. पाहायला गेले तर एक वाळकुडा माणूस मांडीवर पुस्तक उपडं धरून त्याच्या पाठीला आरीने खाचा पाडत होता.

‘हे काय करताय?’

‘दोरा बसायले जागा करून राहिलो,’ तो म्हणाला. तो नागपूरकडचा होता. ‘तुम्ही मॅचिंगवाल्या ना? जेवल्या का?’

सकाळचे दहा वाजले होते. जेवल्या का, हा त्याचा सगळ्यांना पहिला प्रश्न असे, वेळ कोणतीही असो. गल्लीत त्याला नावाने कोणी हाक मारत नसे. सगळे त्याला ‘लायब्ररी’ म्हणत. ‘लायब्ररी आज उघडलेत का?’ असं विचारलं तर दुकानाबद्दल विचारताहेत की माणसाबद्दल, तेच कळायचं नाही.

त्याच्या एकेक तऱ्हा. त्याच्या लायब्ररीत विजेची इस्त्री होती. कोणी पानाचा कोपरा दुमडून पुस्तक परत आणलं, तर तो बोलायचा नाही. त्या माणसाला स्टुलावर बसवायचा, रुमाल ओला करायचा, पानावर ठेवायचा आणि इस्त्री फिरवायचा. एक कोपरा झाला की दुसरा. समोरचा माणूस शरमेने अर्धा व्हायचा. परत आलेलं पुस्तक तो आधी हुंगायचा. ‘हे फोडणीपाशी वाचलं,’ किंवा ‘ह्यावर कोणी सुकट ठेवली होती?’ पुस्तक फाटलं असं कोणी म्हटलेलं त्याला खपायचं नाही. ‘फाटते ते कापड. पुस्तक सुटते,’ असं तो म्हणायचा आणि सुटलेलं पुस्तक स्वतःच शिवायला घ्यायचा. स्वतःचं पुस्तक स्वतः निवडायची तिथे सोय नव्हती. तो तुमच्याकडे बघायचा, आत जायचा आणि एक पुस्तक आणून हातात द्यायचा. खाकी कागदाचं कव्हर, पाठीवर लाल कापड, त्यावर शाईने नाव. नको म्हटलं तर म्हणायचा, ‘दोन दिवस ठेवा तर खरं.’

मला त्याचा पहिल्यापासून संशय होता, आणि त्याचं कारण म्हणजे ते लाल कापड. पुस्तकाच्या पाठींना लावायला तो माझ्याकडून लाल कॉटन न्यायचा. पहिल्यांदा आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे भाव चढवून सांगितला. गिऱ्हाईक तोंड वाकडं करणार, मी जरा उतरणार, तो जायला निघणार, मी हाक मारणार, हे सगळं धरूनच आपण भाव सांगतो. हा म्हणाला, ‘द्या.’

बस. एवढंच. मी कापड कापताना दोनदा त्याच्याकडे पाहिलं. म्हटलं, हा वेडा आहे की मला वेडी समजतो? त्या दिवशी माझं कशात लक्ष लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मी हातभर जास्तीचं कापड त्याच्या टेबलावर आदळलं आणि म्हटलं, ‘काल माप चुकलं होतं.’ तो म्हणाला, ‘नव्हते चुकले.’ आता ह्यावर माणसाने काय बोलावं?

घासाघीस न करणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय चाललंय ते कळत नाही. करणाऱ्याचं कळतं.

वाचायची मला मुळीच आवड नव्हती. दुपारी धंदा नसला की मी माल आवरायची. पण पौषात लग्नं नसतात, त्यामुळे दुकानात माशी हलत नव्हती. अशाच एका दुपारी तो दारात आला आणि गल्ल्यावर एक पुस्तक ठेवून म्हणाला, ‘रिकाम्या बसून राहिल्या. वाचा.’

मी पाठीवरचं नाव वाचलं. लाल कापडावर शाई पसरली होती, तरी पहिली अक्षरं स्वच्छ होती. मंगळ.

माझं डोकं फिरलं. माझ्या पत्रिकेत मंगळ आहे. त्यावरून माझं लग्न ठरता ठरता मोडलं, एकदाच नव्हे. मुलगी पसंत, शिवण पसंत, कमाई तर फारच पसंत, आणि मग पत्रिका उघडली की मंडळी चहा अर्धा ठेवून उठायची. हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत होतं. आणि हा माणूस माझ्याच दुकानात येऊन माझ्या पुढ्यात मंगळ आपटतो?

‘मला टोमणा मारता?’ मी ओरडले. ‘कोणी शिकवलं? दुधवालीने?’

‘कायचा टोमणा?’

‘मंगळ!’

त्याने पुस्तक उचललं, पाठ पाहिली, पुन्हा ठेवलं. ‘बाई, तो दगडमातीचा गोळा आहे. त्याले तुमचे नाव बी माहीत नाही.’ आणि गेला.

वाचायचं नाही असं ठरवून मी पुस्तक परकरांच्या ढिगाखाली टाकलं. संध्याकाळी काढलं. निदान टोमणा किती मोठा आहे ते तरी पाहावं म्हटलं.

कादंबरी अशी होती. वसुधा नावाची नवी सून, तिची पहिली मंगळागौर. नवरा कामाला दूर गेलेला. बायका झिम्मा खेळताहेत, ही कोपऱ्यात. मग पुढचं पान उलटलं तर एकदम लाल माती, आकाश तांबूस, आणि एक इंजिनिअर काचेचं शिरस्त्राण घालून एकटा विहीर खणतोय. मंगळावर. त्याच्याकडे रेडिओ आहे. तो तिथे काही बोलला, की ते पृथ्वीवर पोचेपर्यंत चहा उकळून होतो, आणि उत्तर यायला दुसरा चहा. मग पुन्हा वसुधा. सासू म्हणते, ‘त्याचा काही निरोप?’ ही म्हणते, ‘ह्यांचा निरोप यायला वेळ लागतो.’

मला लागलीच कळलं. विहीर खणणारा तोच तिचा नवरा. तिथे तो पाण्यासाठी खोल खोल जातोय, इथे ती त्याच्यासाठी उपास करतेय, आणि ज्या मंगळाने बायकांची लग्नं मोडतात त्याच मंगळावर हिचा नवरा जिवंत आहे. पुस्तकभर ती त्याचं नाव घेत नाही. ‘हे’ म्हणते. आपल्याकडे कुठली बाई घेते? आणि तिकडे तो एकटाच, त्याला नावाने हाक मारायला कोण आहे? सगळं चपखल बसत होतं.

मी रडले. गिऱ्हाईक समोर उभं असताना रडले. मोरपंखी साडीवर रामा रंगाचा परकर दिला, आणि ती बाई तो तासाभरात परत घेऊन आली. उभ्या जन्मात माझं मॅचिंग चुकलं नव्हतं.

घरी आई म्हणाली, ‘काय गो, रडतंस कित्याक?’

मी तिला गोष्ट सांगितली. आई मालवणची, तिला असल्या गोष्टींचं नवल नाही. ‘घोव मंगळार गेलो? बरा झाला. थंय दारूचो गुत्तो नसतलो.’ जरा वेळाने मात्र तिने विचारलं, ‘पाणी गावला काय गो त्याका?’

पाणी सापडलं. शेवटी विहिरीला पाणी लागतं, तो रेडिओवर सांगतो, आणि कादंबरी तिथे संपते. तिने ते ऐकलं की नाही हे लिहिलेलं नाही. मी मनात चहा उकळेपर्यंत थांबले आणि पुस्तक मिटलं.

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन म्हटलं, ‘असलंच दुसरं द्या.’

‘असले म्हणजे?’

‘आकाशातलं. पण घरात बाई हवी. नुसती यंत्रं नकोत, आणि नुसती सासू-सून तर अजिबात नको.’

मी परत आणलेलं पुस्तक त्याने उघडून चाळलं. मग म्हणाला, ‘वेळ लागेल.’

वेळ लागला, पण पुस्तक आलं. चंद्रावर शाळा काढणारी मास्तरीण, आणि तिला पत्र लिहिणारा गिरगावातला कारकून. नंतर शनीच्या कड्यांवर अडकलेलं जहाज, आणि त्यातल्या तांडेलाची वाट पाहणारी बायको. मला वेड लागलं. दुपारची भूक जायची. मी भांडून वाचायची. परत करताना तक्रार करायची, ‘ह्यात दोघं भेटतच नाहीत हो शेवटपर्यंत.’ तर पुढच्यात भेटायची. म्हटलं, ‘तो यंत्रमानव फार बडबडतो.’ पुढच्यात यंत्रमानव मुका.

इथे माझा संशय जागा व्हायला हवा होता, आणि झालाही. पण मला वाटलं, ह्याच्याकडे असल्या कादंबऱ्यांचा मोठा साठा आहे आणि तो एकेक करून बाहेर काढतो, चांगल्या चांगल्या दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवतो. मी त्याच्या गाळ्यात कोण बाई किती वेळ थांबते ते बघायला लागले. सिंधी आजी, कॉलेजची पोरगी, पोस्टातल्या बाई. कोणाच्याच हातात माझ्या जातीचं पुस्तक दिसेना.

डोळे मात्र धंद्यातले. एका पुस्तकात अर्धी पानं पिवळी, अर्धी पांढरी. कापडाचे दोन लॉट मिसळले की दिसतात तशी.

‘हे काय?’

‘कागदाचा कोटा संपला असेल छापणाऱ्याचा.’

दुसऱ्यात नायिकेच्या नावावर जागोजागी छोट्या छापील पट्ट्या चिकटवलेल्या. बोटाला लागायच्या.

‘आणि हे?’

‘चुकीची दुरुस्ती. प्रकाशक चिकटवतात.’

तोंडावर खोटं. डोळ्याची पापणी लवली नाही. मीही विश्वास ठेवला, कारण पुढचं पान वाचायची घाई होती.

हा सगळा कारभार फुटला तो माझ्या मैत्रिणीमुळे. ती बँकेत होती आणि दर शनिवारी माझ्याकडे फॉल घ्यायच्या निमित्ताने गप्पा मारायला यायची. मी तिला माझ्या लाडक्या कादंबरीची गोष्ट सांगत होते. पहिल्यांदाच कोणाला इतकी मन लावून सांगत होते.

‘थांब थांब,’ ती म्हणाली. ‘वसुधा? मंगळागौर? सासूचा पितळी डबा हरवतो तीच ना?’

‘तीच. वाचलीस तू?’

‘अगं, आमच्या बँकेच्या लायब्ररीत आहे. पण नवरा मंगळावर काय? वेडी झालीस का? त्यात नवरा मस्कतला असतो!’

‘कुठे?’

‘मस्कतला गं! तेलाच्या कंपनीत. शेवटी टेपरेकॉर्डर घेऊन येतो.’ आणि ती हसायला लागली. स्टुलाला धरून हसत होती. ‘मंगळावर! अगं माझी बाई, मंगळावर!’

मला तिचा राग आला नाही. फॉलचं बंडल तसंच टाकून मी शेजारी गेले.

‘वसुधेचा नवरा कुठे असतो?’ मी विचारलं.

तो पुठ्ठ्याला खळ लावत होता. त्याचा हात थांबला. त्याने मला ‘जेवल्या का’ विचारलं नाही, तेव्हाच मला कळलं.

‘मस्कतले,’ तो म्हणाला.

मग त्याने फळीवरून माझीच कादंबरी काढली आणि मधलं एक पान उघडून तळाशी बोट ठेवलं. तिथे बारीक अक्षरात छापलं होतं, ‘मंगळ–५’. त्याने समजावून सांगितलं. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी शिवतात, त्याला फर्मा म्हणतात. कुठला फर्मा कुठल्या पुस्तकाचा आणि कितवा, हे बांधणाऱ्याला कळावं म्हणून पहिल्या पानाखाली पुस्तकाचं नाव तोडून छापतात. त्याच्याकडे एकाच सुमाराला दोन पुस्तकं सुटून आली होती. एक ‘मंगळागौरीची पाहुणी’ आणि दुसरं ‘मंगळावरची विहीर’. दोन्हींच्या फर्म्यांवर नुसतं ‘मंगळ’. ढीग एकत्र झाला. त्याने आकडे लावले आणि शिवलं. उरलेले फर्मे दुसरी प्रत म्हणून बाजूला ठेवले.

‘चूक झाली होती, बाई. तुम्ही वाचून आल्या तेव्हा माझ्या ध्यानात आले.’

‘मग तेव्हाच का नाही सांगितलं?’

‘तुम्ही म्हणाल्या, असलेच दुसरे द्या.’ तो खळीच्या भांड्याकडे बघत होता. ‘असले दुसरे नव्हते.’

‘म्हणून बनवलं? चंद्रावरची मास्तरीण? शनी?’

‘हो.’

‘चांगली पुस्तकं फाडून?’

‘सोडून,’ तो म्हणाला. एवढ्यातही त्याने माझा शब्द दुरुस्त केला.

मी काय काय बोलले ते मला आठवतं आणि ते सगळं योग्यच होतं. म्हटलं, दुपारभर मी भिंतीपलीकडे रडत होते आणि तुम्ही इकडे ऐकून हसत होता. मंगळ असलेल्या बाईला नवरा हवा तर तो मंगळावरच मिळेल, असंच ना? गल्लीत कोणाकोणाला सांगितलंत?

‘मी नाही हसलो,’ तो म्हणाला. ‘कोणाले सांगितले बी नाही.’

‘मग कशासाठी केलंत?’

त्याने पुठ्ठा उचलला, खळ वाळून गेली होती, परत ठेवला.

‘मला खरा माल द्या,’ मी म्हटलं. ‘दोन्ही पुस्तकं जशी छापली तशी. वेगवेगळी.’

‘देतो.’

आठवड्यात त्याने दोन्ही आणून दिली. नवी शिवण, नवं लाल कापड, दोन पाठींवर दोन पुरती नावं. मी वाचली. ‘मंगळागौरीची पाहुणी’त वसुधा उखाणा घेते. तो फर्मा माझ्या पुस्तकात आलाच नव्हता. त्यात नवऱ्याचं नाव आहे. शरदराव. विहीर खणणाऱ्या माणसाचं नाव शरदराव! आणि ह्या शरदरावांना मस्कतहून येऊन घामोळ्याखेरीज बोलायला विषय नाही. ‘मंगळावरची विहीर’ त्याहून वाईट. त्या इंजिनिअरला कोणीच नाही. रेडिओवर तो ज्यांच्याशी बोलतो ते कचेरीतले लोक आहेत, ते त्याला दगडाचं वजन विचारतात. शेवटी पाणी लागतं तेव्हा तो कचेरीला कळवतो, आणि माझ्या पुस्तकात न आलेल्या शेवटच्या फर्म्यात कचेरी म्हणते, नोंद घेतली.

नोंद घेतली!

मी दोन्ही पुस्तकं घेऊन परत गेले. तो दाराशी उभा होता, जसा काही वाट बघत होता.

‘मला आधीचं हवंय,’ मी म्हटलं.

‘ते सुटे केले ना, बाई. तुम्हीच म्हणाल्या.’

‘परत शिवा.’

त्याने दोन्ही पुस्तकं हातात घेतली, पाठीवरून अंगठा फिरवला. त्याच्या तोंडावर काहीतरी आलं. ते हसू होतं का, हे मी आजही सांगू शकत नाही, आणि माझी नजर अशा बाबतीत चुकत नाही. ‘कागद नरम झाला आहे,’ तो म्हणाला. ‘हळूहळू शिवायले लागेल. पण देतो.’

त्यानंतर मी रोज प्लायवूडला कान देऊन होते. आरी चालायची, थांबायची. मी एकदाही विचारायला गेले नाही. दिलेल्या शब्दासाठी माणसामागे लागणं हा माझा स्वभाव आहे, पण ह्या वेळी नाही लागले. मग मी तीन दिवस सुरतेला माल आणायला गेले. परत आले तर शेजारचा गाळा रिकामा. मालकाने तो व्हिडिओ कॅसेटवाल्याला दिला होता. मालक म्हणाला, लायब्ररींनी कधीचीच नोटीस दिली होती, बहिणीकडे नागपूरला गेले. पत्ता? पत्ता नाही ठेवला. माझ्यासाठी काही? काही नाही.

पुस्तकं पोतीच्या पोती जिन्याखाली पडली होती, भांडुपचा एक लायब्ररीवाला घेऊन जाणार होता. मी त्याला थांबवलं आणि एकेक पोतं उपसून पाहिलं. चंद्रावरची मास्तरीण मिळाली, शनीची कडी मिळाली, ती मी घासाघीस करून घेतली. मंगळाची दोन्ही पुस्तकं मात्र नव्हती. वेगवेगळीही नव्हती आणि एकत्रही नव्हती. सगळा संसार टाकून गेलेला माणूस तेवढीच दोन घेऊन गेला.

त्यानंतर मी दादरपर्यंत दुकानं पालथी घातली. दुकानदार म्हणतात, विज्ञान त्या कपाटात, प्रेम ह्या कपाटात. दोन्ही एकत्र म्हटलं की बघतच राहतात. नसलेल्या मालाची मला सवय लावून तो गेला, आणि लोक मला सांगतात, भला होता.

तेव्हा हे मी आता लायब्ररीलाच विचारते. लायब्ररी, तुम्ही नागपुरात असा की आणखी कुठे, कोणीतरी हे तुमच्या हाती देईल. तुमच्या तोंडावर शेवटी आलं ते हसू होतं का, ह्याचं उत्तर दिलं नाहीत. कशासाठी केलंत, ह्याचंही नाही. ती दोन्ही राहू द्या. मला एकच सांगा, वसुधेचा नवरा आत्ता कुठे आहे? मस्कतला असेल, तर तसं माझ्या तोंडावर येऊन सांगा. मंगळावर असेल, तर ते पुस्तक घेऊन या. पोस्टाने पाठवलंत तर मी घेणार नाही. तुम्ही स्वतः यायचं.